कुलूप त्यांचे, अक्षरे आपली



आपल्यापैकी अनेकांच्या घरी, आणि बहुधा प्रत्येक जुन्या मराठी मंडळाच्या कपाटात, अशी एखादी सीडी पडलेली असेल. तिच्यावर कोणीतरी मार्करने लिहिलेले असते : ‘वार्षिक अंक १९९८ – अंतिम’. आमच्या मंडळाने जुन्या अंकांतील निवडक लेखांचे पुनर्मुद्रण करायचे ठरवले, तेव्हा अशी एक सीडी माझ्या हाती आली. मी संगणकाच्या व्यवसायातला, म्हणून ते काम साहजिकच माझ्याकडे आले. सीडी चालली, फाइलही उघडली. पडद्यावर मात्र इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम, डॉलर आणि पौंडाच्या खुणा यांची खिचडी उमटली. त्या खिचडीत मंडळाच्या एका संस्थापकांवरचा मृत्युलेख होता, एका आजींच्या बालपणीच्या आठवणी होत्या, वर्षभराचा अहवाल होता. सगळे जागेवर होते आणि त्यातले एक अक्षर वाचता येत नव्हते.

ती फाइल ज्या प्रोग्राममध्ये जुळवली होती, तो चालवायला संगणकाच्या मागच्या खाचेत एक छोटी किल्ली बसवावी लागे. छापखान्यातले लोक तिला डाँगल म्हणत. तो छापखाना केव्हाच बंद झाला, किल्ली हरवली, आणि आजच्या संगणकाला ती खाचच नसते. लेख आपल्या माणसांनी लिहिलेले, टंकनाचे पैसे मंडळाने दिलेले. पण ते वाचण्याचे साधन तिसऱ्याच्या ताब्यात.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना ही अडचण नवी नाही. दुसऱ्याने बंद करून दिलेल्या कोडभोवती काम करणे हा त्यांच्या नित्याच्या कामाचा भाग आहे, आणि त्यासाठी त्यांनी काही रीती बसवल्या आहेत. त्या रीती समजून घेतल्या तर आपल्या कपाटातल्या सीडीचे काय करायचे, हेही समजते. म्हणून आज हा विषय.

लायब्ररी म्हणजे काय?

लायब्ररी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वाचनालय येते. प्रोग्राम लिहिणाऱ्याची लायब्ररी वेगळी. कोणताही प्रोग्राम सगळाच्या सगळा एकजण लिहीत नाही. पडद्यावर अक्षर काढणे, छपाईची फाइल तयार करणे, फोटो लहान करणे, दुसऱ्या संगणकाशी बोलणे ही कामे पुनःपुन्हा लागतात. ती आधीच कोणीतरी लिहून ठेवलेली असतात. त्या तयार कोडच्या गठ्ठ्याला लायब्ररी म्हणतात. आपला प्रोग्राम तिला सांगतो, ‘हे घे आणि ते करून दे.’ ती करून देते.

आता कोडची दोन रूपे असतात. एक माणसाला वाचता येईल असे, ज्याला सोर्स कोड म्हणतात. दुसरे यंत्रासाठी बारीक केलेले. गहू आणि पीठ यांत जो फरक, तोच जवळपास या दोहोंत. गिरणीतून पीठ आले की पोळ्या होतात, पण पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत. जाणकार पीठ चिमटीत घेऊन गहू कोणता असावा याचा अंदाज बांधील, तेवढेच. अनेक लायब्रऱ्या आपल्याला फक्त पिठाच्या रूपात मिळतात. काहींचा सोर्स कोड दिसतो, पण त्यात बदल करायला परवान्याची मनाई असते. दोन्ही प्रकारांत आतले बिघाड आपल्याला दुरुस्त करता येत नाहीत. अशा लायब्रऱ्यांना आपण बंद लायब्ररी म्हणू.

बंद ठेवणारा प्रत्येक जण दुष्ट असतो असे मुळीच नाही. त्याची रोजीरोटी त्यावर असते. शिवाय कोणीही आत हात घालून मोडतोड केली आणि नंतर जाब त्यालाच विचारला, हेही त्याला नको असते. पण बंद दाराचा त्रास आतल्याला होत नाही, बाहेर उभ्या असलेल्याला होतो.

या त्रासाची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट १९८० च्या सुमाराची आहे. अमेरिकेतील एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेला झेरॉक्स कंपनीने एक नवा लेझर प्रिंटर भेट दिला. प्रिंटर उत्तम, पण कागद अडके. आधीच्या प्रिंटरच्या वेळी रिचर्ड स्टॉलमन या तरुण प्रोग्रामरने त्याच्या प्रोग्राममध्ये सोय करून ठेवली होती : कागद अडकला की छपाईची वाट पाहणाऱ्यांच्या पडद्यावर निरोप जाई आणि कोणीतरी उठून तो मोकळा करी. नव्या प्रिंटरचा प्रोग्राम मात्र पिठाच्या रूपात आला होता. सोर्स कोड ज्यांच्याकडे होता अशा दुसऱ्या विद्यापीठातील गृहस्थांकडे स्टॉलमन गेले. त्यांनी नकार दिला. कोड कोणाला दाखवणार नाही, असे त्यांनी लिहून दिलेले होते. अडकलेल्या कागदाची ही गोष्ट स्टॉलमन यांच्या मनातून गेली नाही. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी जीएनयू प्रकल्प जाहीर केला : प्रत्येकाला वाचता, बदलता आणि वाटता येईल असे सॉफ्टवेअर. आज जगभरचे असंख्य संगणक ज्या लिनक्सवर चालतात, त्याच्या पायात या प्रकल्पाचे काम आहे.

पण प्रत्येक प्रोग्रामर चळवळ उभारू शकत नाही. त्याला सोमवारी काम द्यायचे असते. तो काय करतो?

पहिली रीत : कारभारी नेमणे

सर्वांत आधी तो मालकाला कळवतो. बिघाड नेमका कोठे होतो हे दाखवणारे लहानात लहान उदाहरण तयार करून पाठवतो. कधी दुरुस्ती येते, कधी उत्तरही येत नाही. तोवर काम चालवायचे तर मधे एक कारभारी नेमावा लागतो.

जुन्या वाड्यात सावकाराशी घरातला प्रत्येक जण बोलत नसे. एकच कारभारी जाई. सावकार बदलला, तर कारभाऱ्याने नव्याशी बोलणे लावायचे. स्वयंपाकघराला त्याची खबरही नसे. प्रोग्राममध्ये अशा कारभाऱ्याला रॅपर किंवा अडॅप्टर म्हणतात. आपल्या कोडमधील दोनशे ठिकाणांहून बंद लायब्ररीला थेट हाक मारायची नाही. सगळ्यांनी कारभाऱ्याला सांगायचे, आणि त्याने एकट्याने लायब्ररीशी बोलायचे. तिच्या खोडी तोच सांभाळतो.

माझ्याच कामातले उदाहरण देतो. एका पतसंस्थेसाठी मराठी पावत्या छापायच्या होत्या. पावतीची पीडीएफ करणारी लायब्ररी विकत घेतलेली, बंद. इंग्रजीत ती छान चाले. मराठीत ‘किरण’ या नावातली वेलांटी क च्या मागे जाऊन बसे आणि जोडाक्षरे सुटी होत. कारण साधे होते. त्या लायब्ररीच्या समजुतीप्रमाणे एकामागून एक अक्षर ठेवले की शब्द होतो. देवनागरीत तसे होत नाही. वेलांटी उच्चारात मागून येते, पण कागदावर आधी बसते. रफार आधी उच्चारला जातो आणि पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. लायब्ररी उघडून हे शिकवणे शक्य नव्हते. म्हणून कारभाऱ्याला शिकवले : मराठी मजकूर आला की तो आधी दुसऱ्या, खुल्या लायब्ररीकडे न्यायचा, तिच्याकडून अक्षरांचे आकार योग्य क्रमाने लावून घ्यायचे, आणि मग ते तयार आकार बंद लायब्ररीला ‘हे चित्र आहे, असेच ठेव’ म्हणून द्यायचे. पावत्या नीट निघू लागल्या. बंद लायब्ररीतली एक ओळही बदलली नव्हती.

दुसरी रीत : ठिगळ

कधी कारभारी पुरत नाही आणि चालू यंत्रणेलाच ठिगळ लावावे लागते. हे मोठ्यांच्याही वाट्याला येते. विंडोज ९५ तयार होत असताना मायक्रोसॉफ्टला आढळले की ‘सिमसिटी’ हा लोकप्रिय खेळ नव्या विंडोजवर कोसळतो. चूक खेळाची होती. वापरून परत केलेली स्मृतीतील जागा तो पुन्हा वाचत असे. जुन्या विंडोजमध्ये ते खपून जाई, नव्यात खपेना. खेळ दुसऱ्या कंपनीचा, आणि लोकांच्या घरोघरी आधीच पोहोचलेला. मग, जोएल स्पोल्स्की यांनी लिहून ठेवल्याप्रमाणे, विंडोजमध्येच सोय करण्यात आली : सिमसिटी चालू असेल तर परत आलेली जागा लगेच मोकळी करायची नाही. दुसऱ्याची चूक सांभाळून घेण्यासाठी आपल्या घराची रचना बदलण्याचा हा प्रकार.

ठिगळाने काम भागते, पण ते कोणी, केव्हा, कशासाठी लावले हे लिहून ठेवले नाही तर पाच वर्षांनी त्याला हात लावायची कोणाची छाती होत नाही. चांगला प्रोग्रामर ठिगळाशेजारी कारण लिहितो आणि कोणत्या दिवशी ते काढता येईल तेही लिहितो.

तिसरी रीत : बाहेरून पाहून नव्याने लिहिणे

कारभारी आणि ठिगळ दोन्ही अपुरे पडले की उरते ते सर्वांत कष्टाचे काम : बंद वस्तू आत न डोकावता बाहेरून नीट पाहायची आणि तसेच वागणारी दुसरी वस्तू स्वतः घडवायची.

आयबीएमने १९८१ मध्ये आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. त्याचे बहुतेक भाग कोणालाही विकत मिळण्यासारखे होते. बायोस नावाचा छोटा मूळ प्रोग्राम मात्र आयबीएमच्या मालकीचा. गंमत अशी की त्याचा कोड आयबीएमने आपल्या तांत्रिक पुस्तिकेत छापलाच होता. कुलूप होते ते कॉपीराइटचे. वाचून उतरवला तर खटला. कॉम्पॅक कंपनीने दोन गट केले. एका गटाने कोड अभ्यासला आणि तो काय करतो, एवढेच शब्दांत लिहून काढले. ज्यांनी तो कोड कधीच पाहिलेला नव्हता अशा दुसऱ्या गटाने त्या वर्णनावरून नवा बायोस लिहिला. या पद्धतीला ‘क्लीन रूम’ म्हणतात. आपल्या भाषेत सोवळ्यातला स्वयंपाक म्हणता येईल. पुढे फिनिक्स कंपनीने १९८४ मध्ये त्याच पद्धतीने केलेला बायोस इतरांना विकायला सुरुवात केली, आणि आयबीएमशी जुळणारे स्वस्त संगणक जगभर पसरले.

ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला असेच केले. दोन संगणक एकमेकांशी काय बोलतात हे तारेवरून ऐकत ऐकत त्यांनी त्या संभाषणाचे नियम ओळखले आणि स्वतःचा प्रोग्राम लिहिला. तोच पुढे ‘सांबा’ म्हणून प्रसिद्ध झाला. विंडोज आणि लिनक्सचे संगणक कचेऱ्यांत एकमेकांच्या फाइली वाचू लागले ते त्यामुळे.

तिसरे उदाहरण तर आपल्या अक्षरांचेच आहे. विंडोजमध्ये देवनागरीच्या वेलांट्या, रफार, जोडाक्षरे जागेवर बसवण्याचे काम ‘युनिस्क्राइब’ नावाची लायब्ररी करी. ती बंद. विंडोजबाहेर प्रत्येक जण आपापल्या परीने अक्षरे जुळवी, आणि एकच मराठी वाक्य एका संगणकावर नीट तर दुसऱ्यावर मोडके दिसे. यातून ‘हार्फबझ’ ही खुली लायब्ररी आकाराला आली. हर्फ म्हणजे अक्षर, हे हैदराबादच्या वाचकांना सांगायला नको. बाझ म्हणजे फारसीत उघडे. बेहदाद एस्फाहबोद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिप्यांतील लाखो शब्द दोन्हीकडून काढून घेतले आणि युनिस्क्राइबच्या उत्तराशी आपले उत्तर ताडून पाहिले. जेथे फरक पडे तेथे कारण शोधून दुरुस्ती केली. आत काय आहे हे न पाहता, केवळ बाहेर काय दिसते यावरून. आज फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइडचे फोन आणि २०१७ पासून सर्व प्रकारच्या संगणकांवरील लिब्रेऑफिस अक्षरजुळणीसाठी हार्फबझ वापरतात. फोनवर आलेला नातवंडाचा मराठी निरोप आपण नीट वाचतो, त्यात या कामाचा वाटा आहे.

हे कायद्यात बसते का?

हा प्रश्न नेहमी विचारला जातो, आणि विचारायलाच हवा. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९९ साली एक दुरुस्ती झाली. तिने कलम ५२ मध्ये असे घातले की, ज्याच्याकडे प्रोग्राम कायदेशीरपणे आलेला आहे त्याने आपला स्वतंत्रपणे तयार केलेला प्रोग्राम त्याच्याशी जुळावा म्हणून आवश्यक ती माहिती मिळवली, आणि ती माहिती सहजी दुसरीकडे मिळत नसेल, तर तो कॉपीराइटचा भंग नव्हे. प्रोग्राम कसा चालतो हे पाहणे, अभ्यासणे, तपासणे यालाही त्याच कलमात जागा आहे. युरोपात १९९१ च्या निर्देशाने अशीच मुभा दिली. तेव्हा जुळवून घेण्यासाठी पाहणे वेगळे आणि फुकट वापरण्यासाठी कुलूप तोडणे वेगळे. पहिल्याला कायदा ओळखतो, दुसऱ्याला शिक्षा देतो. व्यवसायाचा प्रश्न असेल, तर परवान्याचा कागद वकिलाला दाखवूनच पुढे जावे.

आता आपली सीडी

१९९० च्या दशकातील मराठी छपाईच्या बहुतेक प्रोग्रामांची गोची एकच होती. संगणकाला एका फाँटात जेमतेम २५६ चिन्हे ठाऊक, आणि तीही इंग्रजीसाठी नेमलेली. फाँट करणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवले. कृतिदेव फाँटात क हा इंग्रजी छोट्या ‘डी’च्या जागी असतो. दुसऱ्या कंपनीच्या फाँटात तो आणखी कोठेतरी. संगणकाच्या दृष्टीने आपण मराठी लिहीतच नव्हतो. इंग्रजी लिहीत होतो आणि त्याला मराठी वेश चढवत होतो. फाँट गेला की वेश गेला. युनिकोडने १९९१ मध्ये देवनागरीला स्वतःचे क्रमांक दिले. त्यात क चा क्रमांक २३२५, फाँट कोणताही असो, कंपनी कोणतीही असो. पण आपल्या छापखान्यांत ते रुळायला बरीच वर्षे गेली.

तेव्हा सीडीतली फाइल सोडवायची म्हणजे तिसरी रीत वापरायची : बाहेरून पाहायचे. आणि पाहायला काय असते? त्याच वर्षीचा छापील अंक! फाइलमध्ये डॉलरची खूण आहे तेथे छापील पानावर कोणते अक्षर आहे, हे एकेक करून मांडत गेलो की तक्ता तयार होतो. तक्त्यानंतर क्रम लावायचा. जुन्या फाइलीत वेलांटी दिसते तशी, म्हणजे व्यंजनाच्या आधी असते. युनिकोडमध्ये ती उच्चारल्याप्रमाणे नंतर येते. ‘कर्म’ मधला रफार जुन्या फाइलीत म च्या नंतर, युनिकोडमध्ये म च्या आधी.

आणि मग येते खास मराठी अडचण. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ हे दोन शब्द घ्या. पहिल्यात गुरुजी आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी. रफार आणि चंद्रकोरीसारखा अर्धा र यांतला हा फरक हिंदीत नाही. त्यामुळे हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेले तयार कन्व्हर्टर अनेकदा दोन्हींचा एकच रफार करून टाकतात, आणि पंगतीचा आचारी क्षणात आचार्य होतो. ‘दऱ्या’ होतात ‘दर्या’. संगणकाला यात काही चुकल्यासारखे वाटत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबरच आहेत. कोणत्या वाक्यात कोणता हवा, हे मराठी माणसालाच कळते.

आपल्या घरांतून मोडीतले कागद निघतात तेव्हा काय होते, हे आपण पाहिले आहे. कागद शाबूत, शाई शाबूत, आणि घरात वाचणारा कोणी नाही. मोडी वाचणारे अजून सापडतात तरी. पंचवीस वर्षांपूर्वीच्या फाइली वाचणारा प्रोग्राम सापडेलच असे नाही. आपण महाराष्ट्राबाहेर राहणारे लोक. आपल्या गावच्या मराठी जीवनाची नोंद पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयात असेलच असे नाही. अनेकदा ती या वार्षिक अंकांतच असते.

म्हणून चार कामे आपल्या हातची आहेत. जुन्या अंकाची छापील प्रत, फाटकी असली तरी, रद्दीत देऊ नका. फाइलीची किल्ली तीच आहे. मूळ फाइल आणि तिचा फाँट जसाच्या तसा जपा; रूपांतर चुकले तर परत मागे जाता येते. यापुढे छापखान्याकडून पीडीएफबरोबर युनिकोडमधील साधा मजकूरही मागून घ्या, आणि हे काम देतानाच कागदावर लिहा. चौथे काम ज्येष्ठांचे. रूपांतरित मजकूर तपासायला प्रोग्रामर चालत नाही, ती भाषा अंगात मुरलेला वाचक लागतो.

आमच्या १९९८ च्या अंकाला साधारण तीन आठवडे लागले. शेवटी एकच चिन्ह उरले होते. साऱ्या अंकात ते एकदाच आलेले, त्या मृत्युलेखाच्या अखेरच्या परिच्छेदात. आणि छापील प्रतीची नेमकी ती पाने वाळवीने खाल्लेली. ‘पित’ आणि ‘ण’ यांच्या मध्ये एक चौकोन. मी ते पान शेजारच्या काकूंना दाखवले. त्यांनी चष्मा वर करून वाक्य पुरते वाचले आणि म्हणाल्या, “अरे, पितॄण. पितरांचे ऋण. दीर्घ ॠकार आहे तो, तुमच्या शाळेत शिकवला नसेल.” तक्त्यात शेवटची ओळ भरली.